चौथ्या मजल्याचं मोटिव्हेशन

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात मोटिव्हेशन कमी पडलंय, असा शोध एच.आर.च्या दिग्विजय सरांनी मार्चमध्ये लावला. सोसायटीत पाण्याचा टँकर मागवावा तसा त्यांनी लगेच एक ट्रेनर मागवला.

मी पूर्वा, हाउसकीपिंगची सुपरवायझर. मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलंय, पण ते कुणाला सांगत नाही. लोक उगाच हळहळतात. माणसाच्या गरजांचा तो पिरॅमिड मी परीक्षेत तीनदा काढलाय, त्यातलं दोनदा एटीकेटीच्या कृपेनं. आता त्याच हातानं फिनाइल मोजून देते.

माझ्या हाताखाली पाच मावश्या. सगळ्यात थोरल्या बायडाबाई, चौथा मजला त्यांचा. वय अठ्ठावन्न, शुगर, आणि तोंड असं की पेठेतल्या दुकानदारानं त्यांच्याकडे शिकवणी लावावी. ही काचेची इमारत जिथं उभी आहे, तिथं त्यांच्या सासऱ्यांची भातखाचरं होती. "तवा हितं कुटं बी बसलं तरी कुनी इचारत नव्हतं," असं त्या सारखं म्हणायच्या. मला वाटायचं, बाई आठवणी सांगतायत. बाई तक्रार करत होत्या.

कारण नियम असा होता, की मजल्यावरची वॉशरूम मावश्यांनी घासायची, पण वापरायची नाही. त्यांच्यासाठी खाली पार्किंगमध्ये, जनरेटरच्या मागे एक संडास होता. फेब्रुवारीत त्याचा पाइप फुटला आणि दारावर कागद लागला, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. त्या दिलगिरीला दीड महिना झाला. मी चार मेल टाकले. चारही वेळा दिग्विजय सरांचं एकच उत्तर आलं, 'नोटेड'.

मग बायडाबाईंनी पाणी पिणंच सोडलं. सकाळी घरून निघताना एक घोट, नंतर संध्याकाळपर्यंत कडक उपास. व्हायचं तेच झालं. लघवीला आग, ताप, दवाखाना. डॉक्टर म्हणाले, दिवसाला तीन लिटर पाणी प्या, नाहीतर किडनीचं काही खरं नाही. "पिते की," बायडाबाई मला म्हणाल्या, "पन ताई, जाऊ कुटं? तुमच्या टेबलाखाली?"

तेव्हा मी डोकं चालवलं. 'सफाई चालू आहे' असा पिवळा बोर्ड बाहेर उभा केला, की आमच्याकडे कुणी आत पाऊल टाकत नाही. लोक सिग्नल तोडतील, पण बोर्ड ओलांडायचे नाहीत. म्हटलं, "लागली की बोर्ड लावा, जाऊन या, बोर्ड काढा." भानगड एकच होती. बोर्ड लावला की दारामागच्या तक्त्यावर वेळ घालून सही करावीच लागते. बायडाबाईंनी ती इमानेइतबारे केली. सफाई दिवसातून चार वेळा ठरलेली, आणि ह्यांच्या सह्या नऊ. त्याखाली तपासल्याची सही माझी.

सापडलो असतो तर दोघींना घरी बसवलं असतं. आमच्या कंत्राटदाराकडे नियम मोडल्याची एकच शिक्षा आहे, 'उद्यापासून येऊ नका'. माझं एक वेळ भागलं असतं, पण बायडाबाईंच्या घरी कमावणाऱ्या त्या एकट्याच.

तर वर्कशॉप. ट्रेनरचं नाव सुदर्शन. कॉलरला माइक, हातात रिमोट, चेहऱ्यावर आयुष्याचं गुपित नुकतंच कळल्याचा आनंद. आम्हा सहाजणींना शेवटच्या रांगेत बसवलं, कारण फोटोत 'सगळे स्तर' दिसायला हवे होते. दार बंद. तीन तास कुणी उठायचं नाही. ह्याला कमिटमेंट म्हणतात म्हणे.

पडद्यावर माझा जुना मित्र उगवला, पिरॅमिड. तळाला अन्न, पाणी, झोप आणि शरीराच्या बाकी गरजा. मग सुरक्षितता, आपुलकी, मान. टोकावर आत्मसिद्धी. "तळाचा मजला आपण सोडून देऊ," सुदर्शन सर म्हणाले, "इथं बसलेल्या सगळ्यांचा तो भागलेलाच आहे."

बायडाबाईंनी मला कोपर मारलं. "काय म्हनतोय?"

"म्हणतोय, तुमचं सगळं झालंय."

"कदी?"

"आणि लक्षात ठेवा," सर पुढं म्हणाले, "भागलेली गरज माणसाला हलवत नाही." हे मात्र पुस्तकात होतं तसंच होतं. म्हटलं चला, एक तरी वाक्य पाठ करून आलाय बिचारा.

अडीच तासांनी दिग्विजय सर स्टेजवर चढले. "तक्ते तपासताना मला एक हिरा सापडला," ते म्हणाले, आणि पडद्यावर चौथ्या मजल्याचा तक्ता आला. नऊ सह्या, आणि खाली माझी. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, त्यामुळे वात पेटल्याचं मला लवकर कळतं.

"चार वेळांचं काम नऊ वेळा! कुणी न सांगता!" टाळ्या. बायडाबाईंना स्टेजवर बोलावलं. 'हीच ती आत्मसिद्धी' म्हणत सुदर्शन सरांनी त्यांना जागच्या जागी पिरॅमिडच्या टोकावर बसवलं. बक्षीस म्हणून स्टीलची बाटली दिली, लिटरभराची, वर कंपनीचं नाव आणि खाली 'स्टे हायड्रेटेड'.

"सांगा मावशी, नऊ नऊ वेळा! ही प्रेरणा मिळते कुठून?"

मी मागून मान हलवत होते. नका बोलू हो. म्हणा काम हीच पूजा, आणि या खाली. बायडाबाईंनी बाटली उलटसुलट करून पाहिली.

"ही भरून प्यायची?"

"हो मग! रोज!"

"आन मग जायाचं कुटं?"

सुदर्शन सर हसले. "म्हणजे?"

"सायेब, पार्किंगातला संडास दीड म्हैना बंद हाय. मला शुगर हाय. मी नऊ येळा पुसायला न्हाय जात, मुतायला जाते. आत्ता बी जायाचंय, आन तुमी दार लावून बसलाय."

तीनशे माना बंद दाराकडे वळल्या. खरं सांगते, उठायला मला जरा वेळ लागला. त्या जराशा वेळाची मला अजून लाज वाटते. मग मी उभी राहिले आणि म्हटलं, "बोर्ड लावायला मीच सांगितलं होतं." आणि जाऊन दार उघडलं. बायडाबाई बाटली काखेत मारून समोरच्या वॉशरूममध्ये गेल्या. बोर्डबिर्ड काही लावला नाही.

प्लंबर त्याच दुपारी आला. दीड महिन्याचं काम चाळीस मिनिटांत झालं. मला 'सूचनाफलकाचा गैरवापर' केल्याचं पत्र मिळालं. तीनशे जणांनी ऐकल्यामुळे काढून मात्र कुणालाच टाकता येईना. बायडाबाईंची बाटली आता दिवसातून तीनदा भरते.

एप्रिलअखेरीस बेंगळुरूच्या हेड ऑफिसातून मेल आला. सोबत रंगीत आलेख. चौथा मजला, सफाई दिवसाला नऊवरून चारवर. मोटिव्हेशनमध्ये छप्पन्न टक्के घट. कारण कळवावे. दिग्विजय सरांनी तो एक शब्द न लिहिता माझ्याकडे ढकलला.

मी लिहिलं, 'गरज भागली.'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'नोटेड.'