पान बदलून मिळेल

आमच्या पक्षात पुस्तकं जाळत नसत. जाळणारे ते दुसरे, आपण फक्त दुरुस्त करतो, असं दादा म्हणायचा. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, पक्षाचा मोठा विचारवंत. आणि मी पक्षाच्या छापखान्यातली बाइंडर. समाजवादाचा विचार कसा वाढत गेला, याचं जाडजूड पुस्तक त्यानं लिहिलं होतं. आधी आदर्श वसाहतींची स्वप्नं बघणारे भाबडे लोक, मग यंत्र कुणाच्या मालकीचं ते आधी बोला म्हणणारे दाढीवाले, मग पोलादी पक्षाशिवाय क्रांती होत नसते म्हणणारे, आणि शेवटी आपल्यातले. यातला एखादा पक्षाच्या मनातून उतरला, की सभासदांनी आपापली प्रत घेऊन छापखान्यात रांग लावायची. मी त्याचं पान शिवणीपाशी बोटभर पट्टी ठेवून कापायचं आणि त्या पट्टीवर नवं पान डकवायचं. जुनं पान कारकुनासमोर लगद्याच्या टाकीत. घरी न्यायचं नाही. हा नियमही दादाचाच.

मी पानं वाचत नसे. वाचायला गेलं की हात थांबतो आणि काप वाकडा जातो.

माझा हात एकदाच थांबला होता. तेवीस वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका चष्मेवाल्याचं पान कापायला आलं तेव्हा. आमचं लग्न ठरलं होतं हो! कारखाना कामगारांनीच चालवावा, पक्षानं वरून हुकूम सोडू नयेत, एवढंच तो म्हणायचा. त्याचं एक पान मला राहू दे, म्हणून मी दादाच्या हातापाया पडले. "नियम सगळ्यांना सारखा," दादा म्हणाला. मी चारशे प्रतींतून त्याला कापला. पुढं त्याला कुणी दारात उभं करेना. गोदीत ओझी उचलता उचलता दोन वर्षांत गेला. तेव्हापासून दादाशी मी कामापुरतंच बोलायचे. मला एवढंच हवं होतं, की या माणसानं मरायच्या आत एकदा म्हणावं, माझं चुकलं.

गेल्या आठवड्यात दादालाच पक्षातून काढल्याचं कळलं, आणि त्याचं पान बदलायचा हुकूम आला. का काढलं, ते मी विचारलंही नाही. बरी जिरली, म्हटलं.

आणि आज सकाळी रांगेत दादा स्वतः! एका हातात काठी, काखेत पुस्तक.

"तू कशाला तडमडलास इथं?"

"माझ्याकडेही प्रत आहे. शिस्त म्हणजे शिस्त."

"लाज वाटत नाही? स्वतःला कापून घ्यायला रांगेत उभा राहतोस?"

त्यानं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. मी पान कापलं. तेव्हा हळूच म्हणाला, "अगं, हे टाकू नकोस. तू ठेव."

कारकुनानं मान वर केली. मला तर काय, आयतीच संधी मिळाली.

"नियम सगळ्यांना सारखा, दादा," म्हटलं, आणि पान टाकीत कोपरापर्यंत हात घालून दाबलं.

नवं पान सुकेपर्यंत तो थांबला, वहीत सही केली आणि गेला.

रांगेत त्याच्या मागं एक ट्रामचालक होता. "बाई, तुमच्या दादांची कमाल आहे," तो म्हणाला. "वर्षभर हे पान पुस्तकात होतं, एकाही शहाण्यानं वाचलं नाही! पंधरवड्यापूर्वी अभ्यासवर्गात कुणीतरी मोठ्यानं वाचलं आणि बोंबाबोंब झाली."

"काय आहे असं त्यात?"

"मला काय विचारता? चिकटवलंत तर तुम्हीच."

खरंच की. गेल्या वर्षी दादानं एक पान पाठवलं होतं, आणि मी ते चारशे प्रतींत डकवलं होतं. मी ट्रामचालकाची प्रत उघडली, पान कापलं आणि जन्मात पहिल्यांदा वाचलं.

वर चष्मेवाल्याचं नाव होतं, आडनावासकट. खाली दादानं लिहिलं होतं: यांचं म्हणणं बरोबर होतं. यांचं पान मी कापायला लावलं. माझं चुकलं, आणि ज्या हातांनी ते कापलं, त्या हातांची मी माफी मागतो.

मी दारापर्यंत पळाले. रस्त्यावर दादा कुठं दिसेना. कोपराला त्याच्या पानाचा लगदा अजून ओला चिकटलेला होता.

"बाई, ते पान टाकीत टाका," मागून कारकून म्हणाला. सज्जन माणूस, दादाच्याच अभ्यासवर्गात शिकलेला.

"एवढं एक राहू द्या हो. पाया पडते तुमच्या."

"नियम सगळ्यांना सारखा," तो म्हणाला, आणि त्यानं हात पुढे केला.