हिरवं नळकांडं

जनकाबाईचं काम ऐकायचं होतं. चिखलीबाहेर उत्तमरावांच्या भंगाराच्या आवारात तिची सोळा वर्षं गेली होती, आणि तेवढ्या वर्षांत तिच्या डोळ्यांपेक्षा कानच जास्त शिकला होता. तिथं परदेशातून कंटेनर यायचे. तिकडच्या मोडलेल्या मोटारी, कपडे धुवायची यंत्रं, पाडलेल्या घरांचे नळ, सगळं दाबून कोंबलेलं. आवारातल्या बायका त्यातलं तांबं, पितळ, रबर वेगळं काढायच्या. उरलेलं लोखंड देऊळगाव राजाच्या पुढं, जिल्ह्याच्या हद्दीजवळच्या एका भट्टीला जायचं आणि तिथं वितळून त्याचे घरबांधणीचे गज व्हायचे.

जनकाबाईकडं बंद वस्तू शोधायचं काम होतं. गॅसची टाकी, मोटारीचा धक्के झेलणारा तेलभरला शॉकअप, दोन्ही तोंडं बुजलेला पाइप, असलं काही वितळल्या लोखंडात पडलं की आतली हवा नाहीतर तेल ते फोडून बाहेर येतं, आणि भट्टीतला रस माणसांच्या अंगावर उसळतो. म्हणून ती प्रत्येक नगावर हातोडी मारून पाहायची. उघडी वस्तू खणखणते, बंद वस्तू दबक्या आवाजात घुमते. हा फरक बाकीच्या बायकांना कळायचा नाही असं नाही, पण गाडी सोडायची की नाही हे जनकाबाईच्या कानावर ठरायचं.

त्या वर्षी माल येईनासा झाला. समुद्रात कुठंतरी लढाई पेटली होती म्हणे, त्यामुळं जहाजं लांबचा वळसा घालून येत होती. तीन आठवडे आवार ओसाड पडलं आणि बायका सोयाबीनच्या सोंगणीला निघून गेल्या. मग एकाच आठवड्यात सात कंटेनर दारात येऊन उभे राहिले. नऊ जणींचं काम चौघींवर आलं. ऑक्टोबरचं ऊन, तापलेला पत्रा, आणि दर तासाला भट्टीवरून उत्तमरावांना फोन, की माल पाठवा, इथं भट्टीला खायला काही उरलं नाही.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला जनकाबाईला ते नळकांडं दिसलं. चेपलेल्या मोटारीच्या दाराखाली अडकलेलं, हिरव्या रंगाचं, हातभर लांब. एक टोक दिसत होतं, ते बुजलेलं होतं. दुसरं ढिगात होतं. तिथवर हातोडी पोचत नव्हती. दार उचलायचं तर पहार लावायची, आणि दुसरी बाई जोडीला हवी. तिचा उजवा खांदा तीन दिवसांपासून वर जात नव्हता. पाणी पिऊन येऊ, मग काढू, असं म्हणून ती माठाकडं गेली. ती परतली तेव्हा लोडरनं तो ढीग उचलून ट्रकमध्ये टाकलाही होता.

"जनकाबाई, सोडू ना गाडी?" उत्तमरावांनी कानावरचा फोन न काढताच विचारलं.

ट्रकच्या फळीच्या फटीतून हिरवा रंग दिसत होता. नुसता हात वर केला असता तरी गाडी थांबली असती. मग माल पुन्हा खाली ओता, पुन्हा चिवडा, पुन्हा भरा. बाकीच्या तिघी नळावर हात धुवत होत्या.

असंल उघडं, तिनं मनाशी म्हटलं. जाऊ दे.

"सोडा," ती म्हणाली.

घरी समतानं, तिच्या मुलीनं, भाकरी वाढली. समता औषधाच्या दुकानात कामाला होती, दिवसभर उभी राहून तिचेही पाय भरून यायचे. दोघी जेवायला बसल्या. चौथा घास जनकाबाईच्या हातातच राहिला.

"काय झालं आई?"

"म्या आज एक नग सोडला वो. पाह्यला अन् सोडला."

समतानं सगळं ऐकून घेतलं. मग उत्तमरावांना फोन लावून तिच्या हातात दिला.

"भाऊ, थे गाडी थांबवा," जनकाबाई म्हणाली. "बंद नळकांडं हाये तिच्यात."

"गाडी तं कधीच पोचली," उत्तमराव म्हणाले. "तूच सोडा म्हनलं ना? तथी बी मानसं हायेत पाह्यले. झोप आता."

"त्याईले सांगा तं खरं."

"अन् काय सांगू? आमचा माल अर्धाच निवडला म्हनून सांगू?"

फोन बंद झाला. भट्टीवरचा नंबर तिच्याकडं नव्हता. कधी गरजच पडली नव्हती.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं ती निघाली. सोळा वर्षं ज्या भट्टीसाठी माल निवडला, ती तिनं पाहिलेली नव्हती. फाटकावरच्या माणसानं तिला कामाला आलेली बाई समजून ठेकेदाराचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, भट्टीवर जो मोठा असेल त्याला बोलवा. तो हसला. ती फाटकाशीच बसून राहिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत राहिली. शेवटी कुणीतरी आत निरोप नेला.

बाहेर आला तो सहदेव, भट्टीचा मिस्त्री. पन्नाशीचा असेल. त्याच्या मानेपासून कानापर्यंतची कातडी वितळून पुन्हा गोठल्यासारखी गुळगुळीत होती. जनकाबाईची नजर तिथं गेली आणि खाली वळली.

"काय हाये मावशी?"

"चिखलीच्या गाडीत हिरवं नळकांडं गेलं. बंद हाये. मले दिसलं व्हतं, अन् म्या काढलं नाही."

"ठोकून पाह्यलं व्हतं का?"

"नाही."

"मंग बंद हाये हे कशावरून?"

"उघडं हाये हे बी कशावरून?"

सहदेवनं मागं वळून क्रेनवाल्याला हात केला. "चिखलीचा ढीग राहू दे. तो गावठी पत्रा टाक भट्टीत आधी."

जनकाबाई ढिगाशी गेली. घराएवढा होता तो. रात्री दुसऱ्या आवारांच्या दोन गाड्यांचा माल त्यातच पडला होता, आणि पहाटे त्यातलं थोडं भट्टीत गेलंही होतं. म्हणजे ते नळकांडं आत पडून काही न होता वितळून गेलं असेल, नाहीतर इथंच कुठंतरी असेल. सहदेवनं दोन माणसं दिली. क्रेनचं चुंबक थोडं थोडं लोखंड उचलून मोकळ्या जागेवर पसरायचं आणि जनकाबाई वाकून ठोकत जायची. भट्टीची धग पंचवीस पावलांवरून अंगाला लागत होती. इथं माणसं रोज उभी राहतात, तिच्या मनात आलं. आपण सावलीत पाणी प्यायला गेलो होतो.

तासाभरानं कचेरीतले साहेब आले. गावठी पत्रा कुणाच्या हुकमानं लावला, ही बाई कोण, इथं कशी आली, असं ते सहदेवला विचारत राहिले. सहदेवनं खाली वाकून तिनं बाजूला काढलेले तीन शॉकअप एकेक करून त्यांच्या पायाशी ठेवले. तिन्ही बंद होते. साहेबांनी ते पायानं उलटवले, घड्याळ पाहिलं, म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत," आणि निघून गेले.

नळकांडं साडेअकराच्या सुमाराला सापडलं. चुंबकानं दार उचललं आणि त्याखालून ते घरंगळत आलं. जनकाबाईनं हातोडी मारली. आवाज खणखणीत आला. तिनं ते उलटं केलं. ढिगात दडलेल्या बाजूला कुणीतरी, समुद्रापलीकडं, चार बोटं मावतील एवढं भोक पाडून ठेवलेलं होतं.

मदतीला दिलेल्या माणसांपैकी एक जण मोठ्यानं हसला. "याच्यासाठी आल्या का मावशी चिखलीवरून?"

ती खाली बसली. जिवावरचा भार उतरला असं वाटायला हवं होतं, पण नुसता खांदा ठणकत होता. शेजारी ते तीन शॉकअप पडले होते. ते तिच्या गाडीतले की दुसऱ्या गाड्यांतले, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

सहदेव हसला नाही. त्यानं तिला पाणी आणून दिलं आणि उकिडवा बसला.

"आमच्या कानाले भट्टीच्या आवाजानं काही ऐकू येत नाही," तो मानेला हात लावत म्हणाला. "तिकडून जे येते ते टाकतो आमी. तुमच्याच भरवशावर."

ती पाणी प्याली आणि उठली.

बसस्टँडवर उत्तमरावांचा फोन आला. साहेबांनी त्यांना सगळं ऐकवलं होतं, आणि चिखलीचा म्हणून तो सगळा ढीगच दोन गाड्यांत भरून त्यांच्याकडं परत पाठवायला काढला होता.

"तोंड काऊन उघडलं तथी जाऊन?" ते ओरडले. "नळकांडं तं फुटकंच निघालं ना?"

"हो. फुटकंच व्हतं."

"मंग?"

"शॉकअप नव्हते फुटके."

"सोमवारी दोन्ही गाड्या खाली होतीन. कोन निवडंल थे?"

"मीच निवडीन. पण चौघीत होत नाही भाऊ. सोंगणीवरच्या बाया वापस बोलवा. नाही तं गाडी सोडा म्हनून मले इचारू नका."

"पाहू," ते म्हणाले. हो म्हणाले नाहीत, उद्यापासून येऊ नको असंही म्हणाले नाहीत.

खामगावची गाडी लागली. खिडकीजवळची जागा मिळाली, तिकीट काढलं आणि देऊळगाव मही येण्याआधीच तिला झोप लागली. चिखलीच्या स्टँडवर लोक चढले, उतरले, कुणाचं तरी पोतं तिच्या पायावर आदळलं, तिला काही कळलं नाही. कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा बाहेर अमडापूर होतं.

"बाई, चिखलीचं तिकीट ना तुमचं? केव्हाचीच गेली चिखली."

ती खाली उतरली, रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला उभी राहिली आणि समताला फोन लावला.

"गाडी पुढं निघून गेली वो. झोप लागली मले," ती म्हणाली. "तू जेवून घे. मी येतोच वापसच्या गाडीनं."