ब्लाइंडला पाठ

अभयनं आपले दोन पत्ते बघितलेच नाहीत. पालथेच ठेवले, वर चष्म्याचं घर दाबलं, आणि पुढ्यातला चिप्सचा सगळा ढीग दोन्ही हातांनी टेबलाच्या मध्यात लोटला. खळ्यात रास ओढावी तसा.

"ऑल-इन. न बघता," तो म्हणाला. "घ्या वहिनी. दम असंल तर बघा."

भिंतीला टेकून बसलेले, आधीच हरलेले सहाजण फिसकन हसले. सुलेखाबाईंनी मात्र मान वर केली नाही. त्यांच्या हातात नव्व्यांची जोडी होती.

शहागंजात गयासभाईंचं हिमरू शालींचं दुकान आहे, त्याच्यावरची ही माडी. रविवारी सकाळी नऊजण पोकरला बसले होते, आता दुपार कलली होती. पैशाचा इथं संबंध नाही. कुणी नोट काढली की गयासभाई त्याला नोटेसकट जिना दाखवतात. पणाला लागलं होतं ते दुसरंच. नाशिकला सांघिक स्पर्धा होती आणि शहरातून दोघं जाणार होते. शेवटपर्यंत टिकतील ते दोघं. त्यांच्यात पहिला-दुसरा असा भेद नाही. ढीगभर चिप्स असोत की एकच, जागा सारखीच. तिसरा घरी.

टेबलावर तिघं उरले होते: सुलेखाबाई, त्यांचा धाकटा दीर अभय, आणि घड्याळं दुरुस्त करणारा फरदीन. सुलेखाबाई आणि अभय यांच्याकडं सारख्याच, अठ्ठावीस-अठ्ठावीस चिप्स. फरदीनकडं दोन. आणि दर डावाला पाळीपाळीनं दोघांना बूट, म्हणजे पत्ते बघायच्या आधीची सक्तीची भर, भरावीच लागते, एकाला एक, एकाला दोन. पुढच्या डावाला दोनाची पाळी फरदीनची होती.

म्हणजे बाईंनी आत्ता पत्ते टाकले, तर पुढच्या डावात फरदीनचा जीव आपोआप टांगणीला लागणार. आणि अभयला बघितलं, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून त्याला पत्ते उलटवायला लावले, तर दोघांतला एकजण इथंच उठणार.

अभय उठावा, असं बाईंना किती वाटत होतं, ते त्यांच्या देवालाच ठाऊक.

गेल्या वर्षी याच टेबलावर याच माणसानं असंच डिवचलं होतं. "वहिनी, पेटी वाजवा पेटी, हे पुरुषांचं काम." बाईंनी रागानं गुलामांची जोडी पुढं केली होती आणि तिसऱ्या नंबरावर उठल्या होत्या. तेवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण अभयनं ते दिवाळीच्या फराळाला चुलत्यापुतण्यांत नक्कल करून दाखवलं. वहिनीचा थरथरता हात, वहिनीचं फुगलेलं नाक. "आमच्या वहिनीला हरवायला पत्ते लागत नाहीत. एक शब्द टोचायचा, की सगळं आणून देतात." सगळे हसले. बद्रीनाथरावही हसले; ते बाईंचे यजमान. ते हसणं बाईंच्या पोटात अजून तसंच पडलेलं होतं.

"लई वेळ लावला," अभय म्हणाला. "गयासभाई, घड्याळ लावा. का फरदीन, आहे का एखादं चालू घड्याळ तुझ्याकडं?"

"काकू, देख लो ना," पत्ते आधीच टाकून बसलेला फरदीन गोड आवाजात म्हणाला. "न बघता टाकलंय त्यांनी. काय बी असंल. दुर्री-सत्ती असंल."

"आपल्या घरात एक रीत आहे वहिनी," अभयनं आवाज चढवला. "दिवाळीच्या तीन पत्तीत ब्लाइंडला कुणी पाठ दाखवत नाही. समोरचा न बघता खेळतोय आणि आपण बघून पळायचं? आमच्या आईनं, आवडाबाईनं, सत्तराव्या वर्षी पाठ दाखवली नव्हती. तुम्ही बाहेरून आलात, तुम्हाला काय त्याचं?"

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. बाहेरून आलात!

बाईंचा हात चिप्सकडं गेला. अगदी गेलाच. नव्व्यांची जोडी आंधळ्या पत्त्यांपुढं दहातून सात वेळा जिंकते, हे त्यांना पाठ होतं. सात वेळा अभय जिना उतरेल. सात वेळा!

आणि तीन वेळा त्या स्वतः.

मग त्यांच्या मनात आलं, या खोलीत मी बघावं असं ज्याला ज्याला वाटतंय, त्याचं त्यात काहीतरी भलं आहे. फरदीनला तर कुणीही मेलं तरी चालतंय. त्याची जागा पक्की. म्हणून 'काकू काकू'. आणि भिंतीजवळच्यांना तमाशा हवाय.

दर एकादशीला सुलेखाबाई देवळात कीर्तनाला पेटीवर बसत. वडील देवगाव रंगारीला पेटीच वाजवायचे. बुवा बोलता बोलता एकदम थांबतात, सगळी सभा श्वास रोखून बसते, तेव्हा नवख्या पेटीवाल्याला ती शांतता सोसत नाही. तो मध्येच सूर भरतो आणि रंगाचा बेरंग होतो. वडील म्हणायचे, "भात्यावर हात ठेव, पण दाबू नको. लोक तुझ्याकडं बघतील. बघू दे." त्या शांततेत पांडुरंग उभा असतो असं ते म्हणायचे. बाईंचा त्यावर विश्वास होता. या माडीवर तो उभा असेल का, याची मात्र त्यांना खात्री वाटेना.

त्यांनी हात मागं घेतला आणि नव्व्या पालथ्याच गयासभाईंकडं सरकवल्या.

"नाही बघत."

माडी हसण्यानं भरून गेली. अभयनं आपले दोन पत्ते उलटून टेबलावर आपटले. तिर्री आणि अठ्ठी. वेगवेगळ्या रंगांची.

"याला घाबरल्या! तिर्री-अठ्ठीला! काय होतं तुमच्याकडं? दाखवा."

"नको बोल्या तो नको," गयासभाई म्हणाले. "टाकलेले पत्ते दाखवायचा कायदा नाही. अभयशेट, बसा."

बाईंचे कान तापले होते. नव्व्या जिंकल्या असत्या बहुतेक. पण ते आता कळून काय उपयोग?

पुढच्या डावाला फरदीनच्या शेवटच्या दोन चिप्स बुटीत गेल्या. आता दोघांनी मिळून त्याला घेरलं की खेळ संपला, दोघांनाही जागा. पण अभयनं पत्ते न बघताच फेकून दिले.

"जग बाबा फरदीन," तो म्हणाला. "मला नाशिकला तूच पाहिजे. हिच्याबरोबर एका संघात बसण्यापेक्षा मी घड्याळाबरोबर बसंन."

'तुम्ही'वरून तो 'हिच्या'वर आला होता. गयासभाईंनी एकदा त्याच्याकडं रोखून पाहिलं, पण पत्ते फेकणं काही कायद्याबाहेरचं नव्हतं.

बाई एकट्याच फरदीनशी लढल्या आणि हरल्या. फरदीनच्या दोनाच्या चार झाल्या. मग अभयनं धोरणच धरलं. फरदीन पुढं आला की पत्ते फेकायचे आणि त्याला बूट खाऊ द्यायची. सुलेखाबाईंची पाळी आली की न बघता सगळं लोटायचं. बाईंना पत्ते यायचे ते पंजी-दुर्री, चव्वी-छक्की. त्या टाकत गेल्या. प्रत्येक वेळी भिंतीजवळून 'पळाल्या, पळाल्या' होत होतं. कुणीतरी पेटी वाजवल्याची नक्कल केली. चार फेऱ्यांत बाईंच्या सोळा उरल्या आणि फरदीनच्याही सोळा झाल्या. अभयकडं सव्वीस.

पाचव्या फेरीला अभयनं पुन्हा ढीग लोटला. यावेळी चष्म्याचं घरसुद्धा ठेवलं नाही.

"टाका," तो जांभई देत म्हणाला. "तुमचं आपलं ठरलेलंच."

बाईंनी पत्ते उचलले. एक्का आणि दश्शी.

नव्व्यांपेक्षा हलके पत्ते. आंधळ्यापुढं दहातून साडेसहा वेळा, फार तर. पण तेव्हा फरदीन दोन चिप्सवर मरायला टेकला होता आणि नुसतं बसून राहिलं तरी जागा चालत येत होती. आता तो त्यांच्या बरोबरीला आला होता. आता बसून राहिलं तर अभय त्यांना थेंबाथेंबानं आटवणार आणि फरदीनला पाजणार. आता थांबण्यात काही उरलं नव्हतं.

राग होता का? होता, तसाच्या तसा. बाईंनी तो नीट तपासून पाहिला. दाराशी उभा होता तो. आत येऊन त्यानं हात धरला नव्हता.

"बघते," त्या म्हणाल्या.

अभयची जांभई अर्ध्यात राहिली.

"काय बघता?"

"तुमचे पत्ते, भावजी. उलटा."

अभयनं उलटले. गुलाम आणि चव्वी. बाईंचा एक्का बघून तो ताडकन म्हणाला, "एवढ्यावर? एका एक्क्यावर? मघाशी पळाल्या आणि आता हे?"

गयासभाईंनी मधले, दोघांना सामाईक असे पाच पत्ते एकेक करून मांडले. छक्की. बादशहा. दुर्री. भिंतीजवळचे उठून टेबलापाशी आले. चौथा पत्ता सत्ती. आता गुलाम किंवा चव्वी आली की संपलं. बाईंचे ओठ हलत होते. नाम घेत होत्या की पत्ते मोजत होत्या, कुणाला कळलं नाही. पाचवा पत्ता राणी.

जोडी कुणालाच नाही; एक्का उंच. डाव बाईंचा.

अभयकडं दहा उरल्या. त्या त्यानं लगेच पुढच्या डावाला लोटल्या, न बघता, दात खाऊन. बाईंनी शांतपणे आपले पत्ते टाकले. आता भावजींना निस्तरायला फरदीन होता. ज्याला अभयनं घास भरवून मोठा केला, त्या फरदीननं आपले पत्ते पाहिले. राण्यांची जोडी. त्यानं अभयकडं बघायचं टाळलं.

"सॉरी भाई," तो म्हणाला. "बघतो."

राण्याच जिंकल्या.

अभय उठला तेव्हा खुर्ची मागं पडली. ती त्यानं उचलली नाही. फरदीनला म्हणाला, "मी जगवलं तुला, कुत्र्या." मग बाईंकडं वळला. "आणि तुम्ही. दादाला सांगतो मी, माडीवर परक्या पोरांत बसून काय धंदे चालतात ते. या आता रिक्षानं. माझ्या गाडीत जागा नाही."

"दादाला मीच सांगते," बाई म्हणाल्या. "तुम्ही वाटेत नक्कल बसवून घ्या."

जिन्यावर त्याचे पाय धाडधाड वाजत खाली गेले. अभिनंदन कुणी केलं नाही. गयासभाईंनी वहीत दोन नावं लिहिली आणि पत्ते गोळा करायला लागले.

फरदीन चुळबुळत जवळ आला. "काकू, मुबारक. मी तर तुमच्याच बाजूनं होतो शुरूसे."

सुलेखाबाईंनी पदर खोचला, पिशवी उचलली.

"तू कुणाच्या बाजूनं होतास ते मला पक्कं ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "'देख लो ना काकू' म्हणत होतास. मी मेले असते तर टाळ्या पिटल्या असत्यास."

"खेळ आहे काकू..."

"व्हय, खेळच आहे. नाशिकला समोरचा असाच डिवचणार, आणि तू राण्यांशिवायही बघशील. तुझा चेहरा आत्ताच सांगतोय." त्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या. "बुधवारी पाचला घरी ये, सराव करू. जेवूनच जा. आणि अभयभावजी दारात भेटले तर त्यांच्याशी एक शब्द बोलू नकोस. ते बोलतील. बोलू दे."

खाली शहागंजात उन्हं उतरली होती. रिक्षावाल्यानं दुप्पट भाडं सांगितलं. बाई त्याच्याशी चांगली पाच मिनिटं भांडल्या.