बिनबॅटरीचा बीकन

मित्रांनो, बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत, मोज्यांच्या खणात राहणारा मी एक जुना बीकन आहे. हिमस्खलनात माणूस बर्फाखाली गाडला गेला, की मी त्याच्या छातीवरून रेडिओ लहरींनी हाका मारतो. मग सोबत्यांच्या बीकनना तो सापडतो. आता सांगा, जिथे बर्फ फक्त आइस कचांग नावाच्या गोड पदार्थाच्या वाडग्यात दिसतो, त्या सिंगापुरात माझी काय किंमत राहणार?

माझ्या मालकाने, सुबोधने मला हौसेने विकत आणलं, कारण त्याला जपानला जाऊन स्कीइंग करायचं होतं. पहिल्या वर्षी माझं कोण कौतुक झालं! नंतर मी खणात पडलो तो पडलोच.

२०१६च्या जानेवारीत आम्ही पुन्हा जपानला गेलो. थंडी अशी नव्हतीच. रात्रभर बर्फावर पाऊस पडत होता. पाणी मुरलं की बर्फ जड होतो, खालच्या थरावरची त्याची पकड सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. हॉटेलात तशी सूचनाही लावली होती. पण सुबोधराव कसले ऐकतात!

"पावसाला काय घाबरायचं? आपल्याकडे रोज पडतो," तो त्याच्या मित्राला, अनिमेषला म्हणाला. माझा नुसता संताप झाला.

पायथ्याशी अनिमेषने रीतीप्रमाणे दोघांचे बीकन तपासले. मी गप्प. सुबोधने माझं झाकण उघडलं, तर आत बॅटऱ्याच नव्हत्या! त्याने हॉटेलात बायकोला, विनीताला फोन लावला.

"अरे, त्या मी घरी एसीच्या रिमोटला घातल्या. उकाड्याने जीव जात होता!"

"अगं, इथे माझा जाईल!"

"पप्पा, देन डोन्ट गो लाह!" फोनवर मागून लेक इरा ओरडली.

अनिमेषही हटून बसला. बीकन नाही, तर वर जायचं नाही. हुज्जत चालू असतानाच समोरचा उतार धडधडत खाली आला. ते त्याच उतारावर निघाले होते. सुबोधने मला खिशात टाकलं आणि थेट हॉटेलची वाट धरली.

वाटलं, आता तरी याला अक्कल येईल. कसलं काय! दसऱ्याला विनीताने मला लॅपटॉपशेजारी पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. सुबोधने हात जोडले. "यानेच वाचवलं मला!"

अरे, मी कुठे वाचवलं? मी तर मुका होतो!

आता पुढच्या हिवाळ्याची तिकिटंही काढून झाली आहेत. मित्रांनो, जीव राखणारी एखादी वस्तू तुमच्याही घरी असेल. तिला फूल वाहण्याआधी तिचं झाकण उघडून बघा. माझ्या झाकणावर कुंकू वाळलं आहे, पण ते अजून कोणी उघडलेलं नाही.