नावाडणीचं वल्हं

दिवाळी पाडव्याच्या दुपारी अवंतिकानं टेबलावरची डबी उघडली. डबी रिकामी होती.

सकाळी त्या डबीत चिमूटभर चुंबकं होती. मोहरीएवढी, मोहरीसारखीच काळी आणि गोल. आता औषधालासुद्धा एक शिल्लक नव्हतं, आणि इरावतीची छोटी खुर्ची टेबलाला लावलेली होती. इरावती म्हणजे अवंतिकाची साडेतीन वर्षांची लेक. सकाळपासून ती "पोट दुखतंय" म्हणत होती आणि घरातल्या सगळ्यांनी तिला चकल्या कमी खा म्हणून गप्प बसवलं होतं.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या या पुढच्या खोलीत अवंतिकाचा उद्योग चालायचा. बोटाएवढ्या साध्या प्लास्टिकच्या बाहुल्या आणायच्या, त्यांचा मूळचा रंग काढायचा आणि त्यांतून जुन्या कादंबऱ्यांतली माणसं घडवायची. केस पिकलेले शहाणेसुरते लोक नातवंडांच्या नावानं त्या मागवायचे आणि स्वतःच्या कपाटात मांडायचे. सगळ्यात जास्त मागणी होती एका नदीकाठच्या कादंबरीतल्या बायडा नावाडणीला. तिचा धडा शाळेत होता, आणि तो वाचून पिढ्यान्‌पिढ्या रडल्या होत्या. पुरात बायडाचं पोर नावेतून पडतं आणि तिच्या हातून वल्हं सुटतं, तो धडा.

बाहुलीच्या डोक्याला अवंतिकानं दोन तोंडं रंगवली होती. पुढं हसरं, मागं भेदरलेलं. डोकं फिरवलं की बायडा घाबरायची. हातात एक चुंबक, वल्ह्यात एक. जरा नख लावलं की वल्हं खाली पडायचं. ही युक्ती अवंतिकाची स्वतःची. तिच्यावर लोकांनी कौतुकाचा पाऊस पाडला होता. आत्ता तिला त्या कौतुकाला काडी लावावीशी वाटत होती.

कारण चुंबकं पोटात गेली तर काय होतं, हे तिला पाठ होतं. एखादं गेलं तर बहुधा आपोआप बाहेर पडतं. दोन गेली तर आतड्याच्या वेढ्यांतून एकमेकांना ओढतात, मधलं मांस चिमटीत धरतात, आणि भोक पडेपर्यंत बाहेरून धड काही कळत नाही. म्हणून तर डबी वरच्या फळीवर असायची. आज पार्सलं भरायच्या घाईत ती खाली राहिली.

"इरा, इकडं ये बाळा. यातले काळे मणी कुठं गेले?"

इरावतीनं डबीत बघितलं, मग आईच्या तोंडाकडं बघितलं. ते तोंड तिला काही आवडलं नसावं.

"खाल्लेस?"

मान हलली. हो.

"की टाकून दिलेस?"

तरीही हो.

"इरा, खरं सांग. गिळलेस का?"

हो म्हणून मान हलवत इरावतीनं भोकाड पसरलं.

स्वयंपाकघरातून अक्का आल्या. अक्का म्हणजे अवंतिकाच्या नवऱ्याची, अभिरामची, थोरली बहीण. भाऊबीजेला म्हणून मुरगूडहून येऊन आठवडाभर आधीच घराचा ताबा घेतलेली.

"काय झालं गं? सणासुदीचं पोरीला का रडीवतीस?"

अवंतिकानं कसंबसं सांगितलं. अक्कांचा आवाज एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तो एकदम खाली आला.

"आगं आई गं. चल, ऊठ. अभिरामची वाट बघू नगंस, त्यो गडमुडशिंगीत फराळ वाटत बसलाय. गाडी काढ."

अवंतिकानं गाडी काढली. मध्ये इरावती, मागं अक्का. पाडवा असल्यानं अख्खं कोल्हापूर नव्या गाड्यांना हार घालून रस्त्यावर उतरलं होतं. प्रत्येक गतिरोधकावर अवंतिका गाडी थांबल्यासारखी हळू करायची. आत्ता ती चिकटली असतील, या धक्क्यानं चिकटली असतील, असं तिला वाटायचं. पहिल्या दवाखान्याला कुलूप, दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्या ठिकाणी मुलांचे डॉक्टर नव्या झब्ब्यात घरी निघाले होते. अवंतिकाचा चेहरा बघून ते काही न विचारता परत आत गेले.

"अंगावरचं दागिनं काढा पोरीच्या," एक्स-रेचा फोटो काढणारा म्हणाला.

अवंतिकानं पैंजण काढले, बांगड्या काढल्या, साखळी काढली, केसांतली पिन काढली. इरावती लाथा झाडत होती, फ्रॉकला हात लावू देत नव्हती. शेवटी दोघींनी तिला तशीच दाबून धरली.

डॉक्टरांनी पडद्यावर फोटो लावला.

"दोन दिसतायत," ते म्हणाले. "ही बघा. जवळजवळ, चिकटल्यासारखी."

राखाडी पोटात दोन पांढरे ठिपके होते. अवंतिकाला ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. आपण बायडाचं ते मागचं तोंड किती खोटं रंगवलंय, असा भलताच विचार तिच्या मनात आला. तिथं तिनं तोंड मोठं वासलेलं काढलं होतं. खऱ्या भीतीत दातखीळ बसते.

"मोठ्या दवाखान्यात हलवा लगेच. दुर्बिणीनं निघाली तर ठीक, नाहीतर पोट उघडावं लागेल. मी फोन करतो."

"थांबा की वो डॉक्टर," अक्का म्हणाल्या. त्या पडद्याला नाक लावून उभ्या होत्या. "आवंतिका, मोहरीएवढी म्हणालीस न्हवं? ही तर ज्वारीएवढी दिसत्यात."

आणि त्यांनी वळून इरावतीचा फ्रॉक वर केला.

कमरेला काळा करदोडा होता. त्यात चांदीचे दोन मणी, अक्कांनीच बारशाला ओवून बांधलेले. मागं एकदा पोरीला टोचतो म्हणून अवंतिकानं तो काढायचं नुसतं नाव काढलं, तर अक्का दिवसभर जेवल्या नव्हत्या. तेव्हापासून तो तिथंच होता. करदोड्याला दागिना कोण म्हणतं? तो नाक-कानांसारखा अंगाचाच भाग झाला होता.

"कात्री द्या," डॉक्टर म्हणाले.

अक्कांनी वाट बघितली नाही. खाली वाकल्या आणि दातांनी तो करदोडा तोडला. मणी मुठीत धरून त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलत होते.

दुसरा फोटो स्वच्छ आला. चकल्या आणि चिवडा यांपलीकडं इरावतीच्या पोटात काही नव्हतं. "नक्की ना?" अवंतिकानं विचारलं. पुन्हा विचारलं. डॉक्टर हसले तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला, तोही अर्धाच. पोटात नाहीत तर गेली कुठं? घरातच कुठंतरी असतील, उद्या पोरीच्या हाती लागतील.

घरी आल्या आल्या इरावती गाडीवरून उतरली ती थेट अंगणातल्या किल्ल्याकडं गेली. अक्कांनी वसुबारसेला त्यावर मोहरी पेरली होती. एका अंगाला हिरवंगार उगवलं होतं, दुसरं अंग बोडकंच राहिलं होतं. "हितं परत पेराय पायजे," असं अक्का रोज म्हणायच्या. त्या बोडक्या अंगापाशी इरावती उकिडवी बसली. मावळ्यांच्या शेजारी तिनं आईची एक बिघडलेली बायडा उभी केली होती.

"आत्या, अजून उगवलं नाही," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली.

अक्का धावत आतून लोखंडी उलथणं घेऊन आल्या. अवंतिकानं ते मातीवरून फिरवलं. टक्‌. पुन्हा टक्‌. माती लागलेले काळे मणी उलथण्याला येऊन चिकटू लागले. एकही येईनासं झालं, तरी ती दिवेलागणीपर्यंत माती उकरत राहिली.

रात्री अभिरामला ओवाळताना तिच्या नखांत अजून माती होती.

सण संपल्यावर तिनं पार्सलात भरलेल्या सगळ्या बायडा परत बाहेर काढल्या. चुंबकं उपसून काढली, प्रत्येकीच्या हातात वल्हं गोंदानं पक्कं चिकटवलं आणि सुकेपर्यंत चिमट्यात धरून बसली. मागचं तोंड पुसून पुन्हा रंगवलं. या खेपेला ओठ गच्च मिटलेले.

काही दिवसांनी साताऱ्याच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. बाहुली सुरेख आहे, पण वल्हं सुटत नाही. कादंबरीत ते सुटतं, मॅडम, सगळी गंमत तर त्यातच आहे.

इरावती तेव्हा तिच्या मांडीवर झोपली होती. बोलता बोलता अवंतिकाचा हात तिच्या पोटावर गेला, नव्या करदोड्यावर. या वेळी नुसता दोरा होता.

"हो, कादंबरीत सुटतं," ती म्हणाली. "मी केलेल्या बायडाचं नाही सुटणार."