कोकम म्हणून ठेवलेली बरणी

“बरणीत काय होतं?” राहीच्या तळव्यातली काच चिमट्याने काढता काढता डॉक्टरांनी विचारलं.

“कोकम,” राही म्हणाली.

मुरुडच्या त्या दवाखान्यात यज्ञेश्वर नाना बाकावर बसून ऐकत होते. तीस वर्षं त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेतली काच सांभाळली होती. ओल्या हाताने चंबू उचलू नका, गार काचेत गरम ओतू नका, वायू सुटत असेल तर बूच घट्ट मारू नका, असं मुलांच्या कानीकपाळी ओरडले होते. एवढ्या वर्षांत एकाही मुलाचं बोट कापलं नव्हतं. निवृत्तीनंतर सलिलने, त्यांच्या मुलाने, पुण्याहून बीअर करायचं सामान पाठवलं आणि नानांना पुन्हा प्रयोगाची हुक्की आली. काचेची मोठी बरणी त्यांनी पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, गोणपाटात गुंडाळली, झाकण सैल ठेवलं. सगळं अगदी नियमाने. फक्त बायकोला आणि सुपारी सोलायच्या कामाला येणाऱ्या राहीला सांगितलं, कोकम-साखर घातली आहे.

आता कोकम-साखरेची बरणी उन्हात मुरवायची सोडून अंधारात कोण ठेवतं? नाना विसरले असतील, असं समजून राहीने गोणपाट सोडलं, मुंग्या जाऊ नयेत म्हणून झाकण आवळलं आणि बरणी अंगणात उन्हाला ठेवली. दुपारनंतर आत आणायला हात लावला आणि बरणी फुटली.

“आधी विचारायला काय झालं होतं गं तुला?” नानांशेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी अनुसूयाबाई काळजीनेच चिडल्या होत्या.

“चुकलंच माजं, काकू.”

“अंगठ्याची शीर दुखावली आहे,” डॉक्टर म्हणाले. “पहिल्यासारखा वाकेल का, आत्ता सांगता येणार नाही.”

सुपारी सोलून घर चालवणारी बाई ती. नानांना स्वतःची शरम वाटली.

“तिची चूक नाही,” ते म्हणाले. “ते कोकम नव्हतं. बीअर होती. मी खोटं बोललो.”

अनुसूयाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. राहीने मान वर केली नाही.

“ठाव हाय मला, नाना. फुटली तवाच वास आला.”

“मग बोलली का नाहीस?” नानांनी विचारलं.

“तुमी सांगाल म्हटलं. रिक्षात बी वाट बघितली.”

पट्टी बांधून झाली. उठताना राही जराशी डगमगली. नानांनी हात पुढे केला. तिने भिंतीला धरलं आणि हळूहळू दाराकडे निघाली.