धुतलेला नाला

माझी नोकरी घाण पाण्याची. गिरण्या-कारखाने जे पाणी बाहेर सोडतात ते बाटल्यांत भरायचं, सील करायचं आणि बर्फात ठेवून नागपूरच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. पाणी ठीक निघालं की कारखान्याला वर्षभर पाणी सोडायची परवानगी मिळते, नाही निघालं तर नोटीस जाते. शहात्तर साली हा कायदा नवा होता आणि आमच्या भागात बाटल्या घेऊन फिरणारा मी एकटाच होतो. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं हिंडायचो. डबा गळायचा, पँट ओली व्हायची आणि शेजारचा माणूस सरकून बसायचा.

अनसिंग गावाच्या बाहेर सरकीच्या तेलाची एक गिरणी होती. तेल साफ करून उरलेलं काळं, खारट पाणी ती नाल्यात सोडायची. नाला भिवाजी आणि पंचफुलाबाई या नवरा-बायकोच्या भाजीच्या वाडीला लागून जायचा आणि ते पाणी त्यांच्या विहिरीत मुरायचं. वांगी पिवळी पडली, मेथीला वास यायला लागला. वाशीमच्या बाजारात गिऱ्हाईक जुडी नाकाशी न्यायचं आणि परत ठेवायचं. वाडीशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं. वर्षभर अर्ज करून करून शेवटी माझी फेरी लागली होती.

जाण्याआधी आमच्या हापिसातून दोन पत्रं जातात, एक कारखान्याला आणि एक अर्जदाराला. कारखान्याला पत्र गेलं की काय होतं हे मला पाठ झालं होतं. त्यामुळे गिरणीचा मॅनेजर किसनसिंग जेव्हा म्हणाला, "आजच बॉयलर दुरुस्तीले काढला ना साहेब," तेव्हा मी नुसता चहा प्यालो. पाइपातून गिरणीच्या विहिरीचं निर्मळ पाणी पडत होतं. मी ते भरलं. भरताना स्वतःचीच कीव आली. एवढा प्रवास करून मी नागपूरला पिण्याचं पाणी नेणार होतो.

तरी मी अगदीच हात टेकले नव्हते. दुसरा नमुना नाल्यातून, वाडीजवळच्या डबक्यातून घ्यायची मुभा होती; खासगी विहिरीचा चालत नसे. वर्षभराचा गाळ तिथे साचलेला होता, तसं अर्जातच लिहिलं होतं. गिरणी एका दिवसात थांबवता येते, पण गाळ कुठे जातो? सहीसाठी किसनसिंगाला बरोबर घेतलं. तो सायकल ढकलत, तोंड पाडून चालला होता. ते तोंड बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वाडी आली आणि मी नाल्यात बघत उभा राहिलो. तळाचे गोटे घासूनपुसून ठेवल्यासारखे दिसत होते. काठचं गवत छाटलेलं होतं. डबकं कुठे नव्हतंच, गिरणीचं आजचं निर्मळ पाणी गोट्यांवरून खळखळत चाललं होतं. पलीकडे निंबाखाली बाज टाकली होती आणि तिच्यावर नवी चादर होती.

"या साहेब, बसा," पंचफुलाबाई पदर सावरत म्हणाली. "दोन दिस झाले साफ करून राह्यलो आमी. पार गुडघ्याएवढा गाळ होता."

"काहून साफ केला?" मी विचारलं.

"तुमी येनार म्हनून पत्र आलं ना. एवढ्या दुरून साहेब येनार, त्याले का घानीत उभं कराव?"

किसनसिंगानं एकदाही नाल्याकडे पाहिलं नाही. मी भरलेल्या बाटलीच्या कागदावर त्यानं झोकात सही केली, दोघांना रामराम घातला आणि सायकलवर टांग मारली.

मला राग आला होता, पण तो काढणार कोणावर? मी बाजेवर बसलो आणि सगळं सांगितलं. तो गाळ हाच तुमचा साक्षीदार होता. आता दोन्ही बाटल्या चांगल्या निघतील आणि गिरणीला आणखी एक वर्ष मिळेल. भिवाजी ऐकताना मान हलवत राहिला, जणू दुसऱ्याच कोणाची हकिगत ऐकतोय. पंचफुलाबाई मात्र उठली. विहिरीच्या अलीकडे काळ्या गाळाचा ढीग घातला होता, तिथे जाऊन तिनं फावडं उचललं.

"परत टाकतो नाल्यात. तुमी थांबा."

"नका टाकू, बाई," मी म्हणालो. "तुमच्या हातानं टाकलं, तं घान तुमीच केली असं लिवा लागन मले."

"आमी कायले करू? त्यायचंच व्हय ते."

"त्यायचं नाल्यात होतं तोवर. आता तुमच्या वावरात हाये."

ती ढिगाकडे पाहत राहिली. "मंग आता हे आमचंच झालं म्हना," ती म्हणाली. ती म्हणत होती ते खरं होतं.

ढीग विहिरीला फार जवळ होता. पाऊस पडला असता तर उरलंसुरलंही आत उतरलं असतं. माझ्या कामाच्या यादीत ते नव्हतं, पण मी शर्ट काढून निंबाला अडकवला आणि घमेलं उचललं. भिवाजीनं "राहू द्या साहेब" म्हणून पाहिलं, मग तोही दुसरं घमेलं घेऊन आला. तिघांनी मिळून तो गाळ वाडीच्या पार टोकाला, खडकाळ पट्टीवर नेऊन टाकला. हाताचा वास साबणानं जाईना. एसटी निघून गेली आणि डब्यातल्या बर्फाचंही पाणी झालं.

चहा आला. पाणी गावातून डोक्यावर आणलं होतं, विहिरीचं पाव्हण्याला कसं द्यायचं म्हणून. मी दोन घोट घेतले आणि म्हणालो, "पुढच्या खेपेले पत्र आलं तं काहीच करू नका. जसं असन तसं राहू द्या."

"पुढची खेप कधी?"

"वर्षानं."

पंचफुलाबाईनं पिवळ्या वांग्यांकडे पाहिलं आणि माझ्या हातातली रिकामी बशी घेतली.

"नाही करत साफ," ती म्हणाली. "वाडी राह्यली तं या."